कुर्तीचे रंग एकातच टाकायचे की वेगवेगळे
ताई, सहा साइज, आठ रंग अन दोन प्रकारच्या बाह्या एकाच प्रॉडक्टात टाकू का असं विचारून राहिल्या तुम्ही, तर ते 96 व्हेरियंट (साइज, रंग अन बाहीच्या वेगवेगळ्या जोड्या) होतात, अन वूकॉमर्समधे (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) 30 च्या वर गेलं की जे कॉम्बिनेशन नाहीच तेही ड्रॉपडाउनमधे दिसत राहते, गिऱ्हाईक सगळं निवडते अन मग कळते की हे नाहीच. ती मर्यादा कोडने वाढवता येते पण पेज जड होते. त्यापेक्षा रंगागणिक वेगळं प्रॉडक्ट करा, बारा व्हेरियंट राहतील, अन प्रत्येक रंगाचे चार-पाच फोटो टाकता येतात, नुसत्या व्हेरियंटला एकच लागते. एसकेयूमधे (मालाच्या ओळख-कोडमधे) मात्र नागपूरच्या गांधीबाग कापड बाजारातल्या व्यापाऱ्याचा डिझाइन नंबर घालाच बाप्पा, माल परत मागवताना तोच सांगावा लागते.