जेडकॉम फाइल पाठवताना हयात माणसांची माहिती कशी वगळावी?

शोधवही: कुलवृत्तांतासाठी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये वंशावळ केली आहे. परगावच्या भाऊबंदांना जेडकॉम (वंशावळीच्या माहितीची देवाणघेवाण करायची) फाइल द्यायची आहे. नोंदींना ‘खासगी’चं कुलूप लावलंय, तेवढं पुरेल ना?

पिंपळपान: नाही. कुलूप म्हणजे नुसती खूण. एक्स्पोर्ट करताना ‘खासगी नोंदी वगळा’ निवडलं तरच त्या गळतात. त्याच खिडकीत हयात व्यक्तींचा पर्याय वेगळा आहे. तिथे ‘समाविष्ट करू नका’ घ्या. मृत्यूची नोंद नसेल तर ग्रॅम्प्स जवळच्या नातलगांच्या तारखांवरून अंदाज बांधतं, कमाल वय मुळात ११० धरलेलं असतं. म्हणून पणजोबांची तारीख माहीत नसली तरी मृत्यूची रिकामी नोंद करा, नाहीतर तेही हयातांत जाऊ शकतात!

जुनी_बखर: खरी गळती टिपांमधून होते. आजोबांच्या टिपेत ‘माहिती नातवाकडून, मोबाइल अमुक’ असं लिहिलेलं असतं आणि आजोबा दिवंगत, त्यामुळे गाळणी तिला हात लावत नाही. फाइल साधा मजकूरच आहे. नोटपॅडमध्ये उघडून ‘+९१’, ‘जीमेल’, पिनकोड शोधा, रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतही. नुसतं @ शोधू नका, प्रत्येक नोंदीच्या क्रमांकाभोवती ते असतंच. सुरुवातीला संशोधक म्हणून तुमचाच पत्ता-फोन असतो, तोही पाहा.

शोधवही: फोटोंचं?

जुनी_बखर: जेडकॉममध्ये फक्त फाइलचा मार्ग जातो. पण त्या मार्गात तुमचं फोल्डर दिसतं.