प्रोबेटचा खर्च वाचवायला ट्रस्ट करू का?

बाबांची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे, अमेरिकेतला भाऊ म्हणतो लिव्हिंग ट्रस्ट कर, म्हणजे जिवंतपणीच मालमत्ता ट्रस्टच्या नावे कर, तिकडे प्रोबेटमध्ये (कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्यात) वकील नि कोर्टच बरंच खातात म्हणे. करू का?

— अहो, तिकडचं तिकडे! बाग रत्नागिरीत, मृत्युपत्रही तिथलंच, तर प्रोबेट सक्तीचं नाहीच. नि घ्यायचंच झालं तरी महाराष्ट्रात कोर्ट फी जास्तीत जास्त ७५,००० रुपये, वकील वेगळा. उलट ट्रस्टला जमीन द्यायची तर रजिस्टर्ड दस्त नि स्टॅम्प ड्युटी आत्ताच.

— मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, नि तेही बाबांपेक्षा तरुण बघा हो.

— आधी सातबारा बघा! आमच्याकडे अजून पणजोबांचंच नाव, चुलत्यांशी वाटप राहिलंय, तिथे ट्रस्ट काय करणार डोंबल?