वजन ११८ किलो, मागच्या चाकाच्या तारा सारख्या तुटतायत, कुठलं चाक घेऊ?

पिरंगुट_रोज
नमस्कार मंडळी. वजन ११८ किलो, उंची सहा फूट एक. सायकल हायब्रिड, डिस्क ब्रेकवाली, ७०० x ३५ चे टायर, दोन्ही चाकांना ३२ तारा. सकाळी कोथरूडहून चांदणी चौक चढून पिरंगुटपर्यंत आणि परत, ऑफिसलाही सायकलच. गेल्या काही महिन्यांत मागच्या चाकाच्या तारा तुटायला लागल्यात, गियरच्या बाजूच्या, आणि दर वेळी हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, जिथे तार वाकवलेली असते बरोबर तिथूनच. दुकानात एक तार बदलून आऊट काढून, म्हणजे चाकाचा वाकडेपणा सरळ करून, देतात, थोडे दिवस बरे जातात की परत टण्ण. गुडघ्यांमुळे पळणं बंद आहे, डॉक्टरांनीच सायकल सांगितलीय, त्यामुळे ती सोडायची नाहीये. एक जण म्हणतो १३ गेजच्या जाड तारा टाक, दुसरा म्हणतो तारांचं चाकच नको, मॅग व्हील (तारांऐवजी जाड दांड्यांचं ओतीव चाक) घे, तिसरा म्हणतो आधी वजन कमी कर मग सायकल चालव. नेमकं काय करू?

तारा_आणि_ताण
दादा, तार हबपाशी तुटतेय म्हणजे ती थकून तुटतेय, एका दणक्याने नाही. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेली की परत येतो. ७०० च्या चाकाचं हे एका किलोमीटरला साडेचारशेच्या वर वेळा होतं. तारा मुळात घट्ट असतील तर कमी होऊनही बराच ताण शिल्लक राहतो, काही बिघडत नाही. पण कंपनीत मशीनवर विणलेली चाकं बऱ्याचदा ढिली येतात, ६५ किलोच्या माणसाला ते जाणवत नाही, तुमच्या वजनाखाली मात्र खालची तार पार सैल पडते, वाकवलेल्या जागी हलत राहते आणि तिथेच तडा जातो. आणि वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर.

म्हणून एकेक तार बदलत बसू नका, एका पाठोपाठ तुटायला लागल्या म्हणजे बाकीच्याही तेवढंच सोसून बसल्यात. सगळ्या काढा, हब आणि रिम चांगली असेल तर त्याच रिमवर नव्या तारा हाताने विणून घ्या. ताण गियरच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो, पण रिमच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत. डाव्या बाजूचा कमीच राहतो, कारण गियरला जागा द्यायला चाक एका बाजूला ओढलेलं असतं, पण एकाच बाजूच्या तारा आपसात सारख्या हव्यात. ताण मोजायचं मीटर नसेल तर बोटाने छेडून बघा, एका बाजूच्या सगळ्या एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. विणून झालं की मेकॅनिकने समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायच्या, म्हणजे वाकवलेली जागा हबवर नीट बसते, आणि मग परत आऊट काढायचा. हे घाईत राहून जातं आणि तारा तिथेच मार खातात.

१३ गेजची गरज नाही. जाड तार ताणली जात नाही, सगळा झटका वाकवलेल्या जागेवर येतो, शिवाय १४ गेजसाठी, म्हणजे त्याहून बारीक तारेसाठी, पाडलेल्या भोकांत ती नीट बसेलच असं नाही. डबल बटेड घ्या, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये बारीक, दोन्ही टोकांना २.० मिमी आणि मध्ये १.८. मधला भाग थोडा ताणला जातो आणि टोकं वाचतात. सापिम रेस किंवा डीटी स्विस कॉम्पिटिशन, ऑर्डर करून मिळतात.

मॅग व्हील अजिबात नको, वाकलं तर त्याचा आऊट काढता येत नाही.

कोकणी_पेडल
वरच्या दादांचं सगळं पटलं, फक्त दोन गोष्टी. निपल, म्हणजे तार रिमला आवळणारे छोटे नट, पितळेचेच घ्या. ॲल्युमिनियमचे आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गंजून तारेला धरून बसतात, मग आऊट काढायला गेलं की गोल फिरतात किंवा डोकंच तुटतं. पुण्यातही पावसाळा कमी नसतो.

दुसरं, मागे फ्रीव्हील (गियरचा अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला) आहे की कॅसेट (गियरच्या चकत्या हबच्याच फिरत्या भागावर, फ्रीहबवर, सरकवलेल्या) ते बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, बाहेर लोंबणारा ॲक्सल जड माणसाखाली वाकतो नाहीतर तुटतो. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये बेअरिंग पार कडेला, म्हणून ॲक्सलला आधार मिळतो. फ्रीव्हील असेल तर जुन्या हबवर खर्च करू नका, ३६ भोकांचा कॅसेट हब आणि दुहेरी भिंतीची ३६ भोकांची रिम घेऊन तीन क्रॉसमध्ये, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडेल अशी, विणून घ्या. शिमानोचे डिओर हब ३६ मध्ये येत आले आहेत, शोधावं लागेल पण सापडतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, दुधाचे कॅन आणि गॅसचे सिलिंडर वर्षानुवर्षं त्यांच्यावरच वाहिले गेले, मागे जास्त तारा हे काही नवीन खूळ नाही.

स्मिता_नाशिक
मीही शंभरीच्या पुढे आहे. आधी वजन कमी कर म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका हो, सायकल चालवायचा हक्क वजनकाट्यावर ठरत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलंय ना मग झालं. तारांबद्दल वर सगळं आलंय, मी टायरचं सांगते. फ्रेममध्ये जागा असेल तर ३५ चे काढून ४० किंवा ४२ घ्या, स्पीडब्रेकरचा आणि खड्ड्याचा दणका आधी टायर घेतं, मग रिम, मग तारा. हवा मागे ६५ पीएसआयच्या आसपास, पुढे ५० ते ५५, अर्थात टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. आणि हवा दर आठवड्याला पंपाच्या मीटरवर बघायची, अंगठ्याने दाबून कळत नाही. खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठायचं, गुडघे आणि कोपर सैल, मागचं चाक जाईपर्यंत बसायचं नाही. गुडघे फार दुखत असतील तर सरळ ब्रेक मारून हळू जा.

पिरंगुट_रोज
खूप आभार सगळ्यांचे, स्मिताताई विशेष. बघितलं, कॅसेटच आहे, आठ गियरची. रिमवर हात फिरवला, कुठे वाकलेली वाटत नाही, दुहेरी भिंतीची आहे. म्हणजे याच ३२ वर विणून घेऊ की ३६ चं नवीन करू? आणि पुढच्या चाकाचं काय?

तारा_आणि_ताण
रिम सरळ आहे तर आधी ३२ वरच, तारा डबल बटेड, निपल पितळी. नीट विणलेलं ३२ चं चाक तुमचं वजन घेईल. मात्र रिमला निपलच्या भोकांभोवती बारीक भेगा नाहीत ना ते टायर काढून उजेडात बघा, भेग दिसली तर ती रिम बाद, मग सरळ ३६ वर जा. नवीन हब घ्यायची वेळ आली तर फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजून घ्या, क्विक रिलीज (हाताने उघडायच्या खटक्याचं चाक) असेल तर बहुतेक १३५ मिमी भरेल. पुढच्या चाकाचा फक्त ताण सारखा करून घ्या, तिथे तारा बदलायची घाई नको. आणि विणून आणल्यावर शे-दीडशे किलोमीटर झाले की मेकॅनिककडे परत नेऊन ताण तपासून घ्या, हे विणायला देतानाच त्याच्याशी बोलून ठेवा.