मदत हवी आहे : कासवाच्या पिल्लासाठी दिवा बंद करावा की कूलर? (नागपूर)

मंजिरी_मानेवाडा
नमस्कार. माझ्या कासवाच्या पिल्लाने चार दिवसांपासून खाणे जवळजवळ सोडले आहे. ते दिवसभर एका कोपऱ्यात तोंड खुपसून बसते आणि डोळेही अर्धवटच उघडते. दुकानदाराने उबदार ठेवा एवढेच सांगितले होते, त्याप्रमाणे दिवा लावलेला आहे. इंटरनेटवर एक जण ऐंशी टक्के आर्द्रता हवी म्हणतो, तर दुसरा पूर्ण कोरडे ठेवा म्हणतो. सध्या दुपारी बाहेर ४५ अंश तापमान असते आणि खोलीत कूलर चालू असतो. अशा वेळी दिवा बंद करावा की कूलर, एवढेच कृपया स्पष्ट सांगावे. आज रात्रीपर्यंत उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.

रानवाट_हिंगणा
ताई, कासव कोणते, हेच आपण लिहिलेले नाही. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते आपल्याकडचे तारा कासव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही. तसे असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच कळवावे. दुसरी जात असेल, तर वय, लांबी आणि ते किती दिवसांपासून आपल्याकडे आहे, हेही लिहावे.

बर्डीकर
पिल्लू कशात ठेवले आहे, खाली काय पसरले आहे, दिवा किती वॉटचा आहे आणि तापमान नेमके कोणत्या जागी मोजले आहे? हे कळल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर अंदाजच ठरेल.

सक्करदरा_७७
आमच्याकडे लाल कानपट्टीचे कासव सहा वर्षांपासून आहे. पाण्याचा फिल्टर आठवड्यातून एकदा स्वच्छ करावा आणि पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवावी. पाणी स्वच्छ राहिले की कासव आपोआप खाऊ लागते, असा माझा अनुभव आहे.

मंजिरी_मानेवाडा
सक्करदरा_७७, आभारी आहे, पण माझे कासव पाण्यातले नाही. ते सल्काटा, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या आफ्रिकी जातीचे आहे, वय तीन महिने, लांबी साडेपाच सेंटीमीटर. दोन महिन्यांपूर्वी कागदपत्रांसह घेतले असून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही केली आहे, त्यामुळे तो विषय इथे थांबवावा ही विनंती. दोन फुटी काचेच्या टाकीत बारीक वाळू आहे. वर १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब चोवीस तास चालू असतो. टाकीच्या वरच्या कडेला चिकटवलेले यंत्र ३९ अंश आणि २१ टक्के दाखवते. कूलर समोरच्याच खिडकीत आहे. आता तरी सांगा, काय बंद करू?

जुना_धंतोलीकर
मी वीस वर्षांपूर्वी मुंबईत असताना सल्काटा सांभाळला होता. हा प्राणी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातला आहे, त्याला ओल कशाला हवी? पावसाळ्यात माझ्या कासवाच्या नाकातून पाणी येऊ लागले, तोंड उघडून श्वास घेण्यापर्यंत वेळ आली आणि कोरड्या जागी हलवल्यावरच ते सुधारले. वाळू राहू द्यावी, कूलर मात्र ताबडतोब बंद करावा.

अनुराधा_काचीपुरा
धंतोलीकर काका, आपला अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपल्या कासवाला बाधला तो ओलावा आणि गारवा यांचा संयोग. ओल असूनही ऊब टिकली तर पिल्लाला त्रास होत नाही. ओल असताना तापमान पंचवीसच्या खाली उतरले, तर मात्र श्वसनाचा संसर्ग होतो. साहेलमधील पिल्लेही दिवसाचा बराचसा वेळ बिळात आणि गवताच्या मुळाशी काढतात आणि तिथली हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ दमट असते. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ मध्ये सल्काटाची ५० पिल्ले पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या आहारावर वाढवली होती. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे अधिक आले आणि प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ ठरला. त्याआधी सगळा दोष खाण्यालाच दिला जात असे.

मंजिरीताई, आपला प्रश्नच थोडा बदलावा लागेल, कारण दोन्हींपैकी एक बंद करून भागणार नाही. तीच हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. आपले यंत्र बल्बच्या अगदी जवळ असल्यामुळे ते तिथली तापलेली हवा मोजते. पिल्लू जमिनीपासून तीन सेंटीमीटर उंचीवर श्वास घेते, म्हणून यंत्र खाली, सावलीच्या कोपऱ्यात ठेवून पुन्हा आकडे घ्यावेत. तिथे दिवसा २७ ते ३० अंश आणि आर्द्रता ७० ते ८० टक्के हवी. उन्हाच्या जागी, म्हणजे दिव्याखालच्या दगडावर, ३५ ते ३७ अंश पुरेसे आहेत. दिवा संध्याकाळी बंदच करावा, कारण सततच्या उजेडात पिल्लाला विश्रांती मिळत नाही. रात्री तापमान २५ च्या खाली जात असेल तर थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारे बटण) लावलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा.

बर्डीकर
अनुराधाताईंशी सहमत आहे. फक्त कूलरविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर खोलीतली आर्द्रता चांगली वाढवतो, म्हणून तो आपला मित्रच आहे. दोष त्याच्या झोताचा आहे. झोत थेट टाकीवर येत असेल, तर एकीकडे बल्ब भाजतो आणि दुसरीकडे पहाटे ओला वारा लागतो. टाकी झोतापासून बाजूला न्यावी. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, तेव्हा तो हीटर कदाचित लागणारही नाही. जूनअखेरीस पाऊस लागला की हेच गणित उलटे होईल, हे ध्यानात ठेवावे.

रानवाट_हिंगणा
वाळू आजच काढावी, ती पोटात जाऊन आतडे अडण्याची भीती असते. तिच्याऐवजी भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच-सहा सेंटीमीटर जाडीचे घालावे. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांत ओतावे, म्हणजे तळ ओला राहतो आणि पोटाखालचा थर चिखल होत नाही. टाकीचे तोंड तीन चतुर्थांश झाकावे, पण दिव्याच्या बाजूला झाकण टेकू देऊ नये.

जुना_धंतोलीकर
वाळूबाबतचा मुद्दा मान्य आहे. ओलीबाबत माझी धास्ती अजून गेलेली नाही, पण ऊब सांभाळली तर हरकत नाही, एवढे मानतो. मात्र साध्या पिवळ्या बल्बमधून कवच आणि हाडांसाठी लागणारे यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण मिळत नाहीत आणि खिडकीची काच उन्हातले ते किरण अडवते. सकाळी साडेसहा ते सातच्या कोवळ्या उन्हात पिल्लाला उथळ टोपलीत, निम्मी सावली देऊन, स्वतः शेजारी बसून ठेवावे. काचेची टाकी उन्हात नेऊ नये. आपल्याकडच्या मे महिन्यात ती काही मिनिटांत भट्टी होते.

मंजिरी_मानेवाडा
यंत्र खाली ठेवले तर ३४ अंश आणि ३० टक्के दिसले. बल्ब आत्ता बंद केला आहे आणि टाकी कपाटाच्या आडोशाला नेली आहे. कोकोपीट उद्या सकाळी मिळेल. तोपर्यंत रात्रभर काय करू?

अनुराधा_काचीपुरा
वाळू काढून तळाशी ओला सुती पंचा अंथरावा. आधी पिल्लाला उथळ ताटलीत, हनुवटीच्या खालपर्यंत येईल इतक्या ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे बसवावे. हे पाणी गच्चीवरच्या टाकीचे सरळ घेऊ नये, या दिवसांत रात्री नऊ वाजताही ते चांगलेच गरम असते. माठातले पाणी मिसळून थर्मामीटरने पाहावे. यापुढे रोज सकाळी अशी अंघोळ घालावी. अर्धवट मिटलेले डोळे आणि चार दिवसांचा उपवास पाहता पिल्लू आधीच कोरडे पडलेले असावे, त्यामुळे एवढ्यावर थांबू नये आणि उद्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवावे. नेताना कापड घातलेल्या, हवेशीर खोक्यात आणि सकाळीच न्यावे.

मंजिरी_मानेवाडा
काल अंघोळीत त्याने बराच वेळ पाणी प्यायले आणि पांढरट खडूसारखे काही बाहेर टाकले. पहाटे पाच वाजता खाली २८ अंश आणि ६६ टक्के होते. डॉक्टरांनी शरीरातले पाणी कमी झाल्याचे सांगितले, फुप्फुसे मात्र स्वच्छ आहेत. यूव्हीबी नळी मागवली आहे. आत्ता कोकोपीट घातल्यावर ते त्यात निम्मे गाडून घेऊन झोपले आहे. हे चांगले लक्षण समजावे का?

रानवाट_हिंगणा
होय, पिल्ले ओल्या मातीत असेच गाडून घेतात, उठवू नये. पांढरे पडले ते युरेट, म्हणजे कासवाच्या लघवीतला पांढरा घट्ट भाग. ते खडूसारखे घट्ट न राहता दह्यासारखे मऊ पडू लागले की पाणी पुरेसे मिळते आहे असे समजावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचे वजन करून इथेच लिहीत राहावे.