मदत हवी आहे: हाताने विणकाम मुळापासून समजून घेण्यासाठी कोणता संदर्भग्रंथ घ्यावा?

नमस्कार. विणकामातील जाणकारांचा एका पुस्तकाच्या निवडीबाबत सल्ला हवा आहे. टाके घालणे, सुलट आणि उलट विणणे, टाके वाढवणे, कमी करणे आणि शेवटी बंद करणे एवढे मला व्यवस्थित येते. हे सगळे आत्याने शाळेच्या सुट्ट्यांत गिरगावच्या घरी शेजारी बसवून शिकवले, आणि बाळंतविड्यात द्यायची टोपडी, मोजे, बिनबाह्यांचे स्वेटर मी त्याच शिदोरीवर आजवर विणत आले. आता मला नमुन्यांचे पुस्तक नको आहे, कारण नमुने हवे तेवढे मिळतात. टाका सुईवर कसा बसतो, एखादी कृती तशीच का करायची आणि ती वेगळी केली तर कापडात काय फरक पडतो, हे चित्रांसह समजावणारे पुस्तक हवे आहे.

ही गरज कशातून निर्माण झाली ते थोडे सविस्तर लिहिते. आमच्या घरच्या पद्धतीत उलट टाका विणताना लोकर सुईच्या वरून न घेता खालून घेतात. त्यामुळे तो टाका सुईवर जरा वेगळा बसतो, म्हणजे त्याचा जो दोरा सुईच्या पुढच्या अंगाला असायचा तो मागच्या अंगाला जातो. पुढच्या ओळीत सुलट विणताना आत्या सुई मागच्या दोऱ्यातून घालते आणि टाका पुन्हा सरळ होतो. पाठपोट ओळी विणताना ही पद्धत निर्दोष आहे. उलट ओळ भरभर सरकते आणि कापडही एकसारखे येते. मात्र टोपडे गोल सुईवर विणायला घेतले की उलट ओळ येतच नाही, सगळ्या फेऱ्या सुलट असतात, आणि तिथेही मागच्या दोऱ्यातून विणत राहिले की प्रत्येक टाक्याला पीळ बसतो. कापड घट्ट होते, आडवे ताणले जात नाही, आणि निरखून पाहिले तर प्रत्येक टाक्याच्या तळाशी बारीकशी फुली दिसते. व्हिडिओंमध्ये हात काय करतात ते उत्तम दिसते, परंतु पाहणाऱ्याची लोकर धरण्याची आणि गुंडाळण्याची पद्धत निराळी असेल तर काय होईल, हे क्वचितच कोणी सांगते. थांबून, मागे जाऊन, सुई हातात ठेवून पुन्हा वाचता येईल असे काही मला हवे आहे.

दुसरी अडचण सुयांच्या क्रमांकांची आहे. आपल्याकडच्या दुकानांत सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकांनी मिळतात, म्हणजे 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 10 नंबरची 3.25 मिलिमीटरची, आणि आकडा वाढत जाईल तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकी पुस्तकात 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर आणि 10 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर. तिथे आकड्याबरोबर सुई जाड होते. म्हणून ज्या पुस्तकात मापे मिलिमीटरमध्ये दिली आहेत, किंवा निदान तुलनेचा तक्ता आहे, अशाच पुस्तकाला मी प्राधान्य देईन.

तिसरा मुद्दा खास मुंबईचा आहे. इथल्या हवेत लोकरीचे कपडे बाळाच्या अंगावर फार दिवस राहू शकत नाहीत, त्यामुळे मी हळूहळू सुती धाग्याकडे वळले आहे. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, म्हणून एक सुलट एक उलट अशी पट्टी ताणली तरी आपोआप पूर्ववत होते. सुताला ती लवचीकता नाही, त्यामुळे मनगटाची आणि गळ्याची पट्टी थोड्याच वापरात सैल पडते. या फरकाचा विचार करणारे, केवळ लोकर गृहीत न धरणारे पुस्तक कोणाला माहीत असल्यास जरूर सांगावे.

शोध घेताना तीन नावे वारंवार समोर आली: मेरी थॉमस यांचे 1938 सालचे पुस्तक, मॉन्टसे स्टॅन्ली यांचे 1986 सालचे आणि जून हेमन्स हायट यांचे, जे प्रथम 1988 मध्ये आले आणि ज्याची सुधारित आवृत्ती 2012 मध्ये निघाली. परदेशी पुस्तके न चाळता मागवणे खर्चिक पडते. हुतात्मा चौकातल्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत मला नमुन्यांची मासिके मिळाली, परंतु यांपैकी एकही पुस्तक दिसले नाही. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या जुहू परिसरात गृहविज्ञान आणि वस्त्रशास्त्र शिकवले जाते. तेथील ग्रंथालयात बाहेरच्या व्यक्तीला बसून वाचता येते का, हे कोणी सांगू शकेल का? आणि एकच पुस्तक विकत घ्यायचे झाल्यास आपण कोणते घ्याल, व का?

प्रतिसाद

तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण पुस्तकाकडून नेमके काय हवे ते तुम्ही आधीच ठरवले आहे. माझे मत मेरी थॉमस यांच्या बाजूने आहे. ते पुस्तक जुने आहे, त्यात रंगीत छायाचित्रे नाहीत, रेखाचित्रे आहेत. पण टाका दाखवायला रेखाचित्रच चांगले असते, कारण कोणता दोरा कोणाच्या वरून गेला ते त्यात निःसंदिग्ध दिसते. मुख्य म्हणजे तुमच्या आत्यांची पद्धत त्यात आहे. टाका सुईवर बसण्याच्या पाश्चात्त्य आणि पौर्वात्य अशा दोन तऱ्हा आणि त्या दोन्हींचा मेळ घालणारी तिसरी, असे विवेचन त्यांनी केले आहे, आणि तुम्ही वर्णन केलेली पद्धत ही तिसरी आहे. म्हणजे ती जगभर चालत आलेली, नावारूपाची रीत आहे. ती सोडून देण्याचे काहीही कारण नाही.

पुस्तक हाती येईपर्यंत एवढे करून पाहा. सुईवरच्या टाक्याकडे नीट पाहा. त्याच्या दोन दोऱ्यांपैकी जो सुईच्या टोकाच्या जवळ असतो, त्यातूनच सुई घालायची. मग तो पुढे असो वा मागे, टाक्याला पीळ बसत नाही. गोल विणताना तो दोरा पुढे असतो, म्हणून तिथे पुढूनच विणायचे. टाके कमी करतानाही हाच नियम उपयोगी पडतो. बहुतेक पुस्तकांत डावीकडे झुकणारी घट करण्यासाठी दोन टाके एकेक करून फिरवून घ्यायला सांगतात आणि मग ते मागून एकत्र विणायला सांगतात. तुमच्या पद्धतीत सुलट ओळीत टाके आधीच तसे बसलेले असतात, त्यामुळे डावीकडची घट तुम्हाला थेट मागच्या दोऱ्यांतून दोन टाके एकत्र विणून मिळेल. उजवीकडे झुकणाऱ्या घटीसाठी मात्र तुम्हाला दोन्ही टाके आधी फिरवावे लागतील. पुस्तकातील कृती आहे तशी केली तर रॅग्लन बाहीच्या, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडलेल्या बाहीच्या, दोन कडा एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचे कारण एवढेच.

हायट यांचा ग्रंथ फार मोठा आहे आणि खोलवर जातो. तो दुसरा घ्यावा, आधी नको. पहिल्याच पानापासून क्रमाने वाचायला घेतला तर माणूस दमतो. हव्या त्या कृतीचे पान उघडून, जाड सुईवर फिक्या रंगाच्या धाग्याने वीसएक टाके घालून तेवढेच करून पाहावे. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि संध्याकाळच्या दिव्यात तर मुळीच नाही.

प्रतिसाद

सुती धाग्याबद्दल थोडे. पट्टीसाठी कपड्याच्या मुख्य भागापेक्षा दोन आकार बारीक सुई घ्यावी आणि टाकेही थोडे कमी ठेवावेत; सैलपणा पूर्ण जात नाही, परंतु बराच आटोक्यात येतो. गळ्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूने बारीक लवचीक दोरा ओवला तरी चालते.

सुती धाग्यात नमुन्याचा चौकोन आधी विणून धुवावा, सपाट वाळवावा आणि मगच मोजावा, कारण विणताना दिसणारे माप आणि धुतल्यानंतरचे माप यांत फरक पडतो. हे मोजमाप किती महत्त्वाचे ते एका हिशेबावरून कळेल. पुस्तक 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके गृहीत धरत असेल, तर 176 टाक्यांचा घेर 80 सेंटिमीटर येतो. तुमच्या हाताला त्याच 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके येत असतील, तर तोच घेर 88 सेंटिमीटर होतो. बाळाच्या झबल्याला हा फरक थोडा दिसेल, मोठ्या माणसाच्या स्वेटरला तो झोळणारा होतो. उत्तम संदर्भग्रंथ कोणता, हे पारखण्याची माझी एक रीत सांगते: चौकोन कसा मोजायचा आणि तो जुळला नाही तर सुई बदलायची की टाके, याला त्याने किती जागा दिली आहे ते पाहावे. ज्यात हे दोन ओळींत उरकले आहे ते पुस्तक मी बाजूला ठेवते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. टोकाजवळच्या दोऱ्याचा नियम मी लगेच गोल सुईवर करून पाहिला आणि कापड खरोखर मोकळे आले. तळाची फुलीही दिसेनाशी झाली. मेरी थॉमस यांचे पुस्तक मागवते आहे. त्यातील सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतील तर आपल्याकडच्या सुयांशी ते आपोआप जुळतील, ही माझ्यासाठी मोठीच सोय आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. मोज्याची टाच अर्ध्या ओळींनी वळवताना ओळ जिथून परत फिरते तिथे भोक राहते. ते बुजवण्यासाठी टाक्याभोवती लोकर गुंडाळून घेतात हे मला ठाऊक आहे, परंतु आमच्या पद्धतीत ती पुढून गुंडाळायची की मागून, आणि नंतर तो वेढा टाक्याबरोबर विणताना कोणत्या बाजूने उचलायचा, हे कोणी सांगू शकेल का? तसेच हायट यांची 2012 ची आवृत्ती मुंबईत कोणाकडे असल्यास, तिच्यातील टाके कमी करण्याचे प्रकरण बसून वाचायला मिळेल का? दादर ते ठाण्याच्या पट्ट्यात कुठेही येण्याची माझी तयारी आहे, आणि सुया व धागा घेऊनच येईन.