मदत हवी आहे: रझांच्या 'बिंदू'ची प्रिंट, उद्या चारच्या आत सांगा

राजवाडा_रिटर्न
नमस्कार. घाई आहे म्हणून थोडक्यात. इंदूरमध्येच चित्रकार सय्यद हैदर रझांच्या 'बिंदू' या चित्राची ऑथोराइज्ड प्रिंट मिळतेय, सर्टिफिकेटसकट. विकणारा उद्या दुपारी चारपर्यंत थांबतो म्हणालाय, मग दुसऱ्याला देणार. घ्यावी का? 'कला ही गुंतवणूक नव्हे' वगैरे प्रवचन नको. हो की नाही, एवढंच.

भिंगरी
कसली प्रिंट? सेरिग्राफ, ऑफसेट की इंकजेट? कॅनव्हासवर की कागदावर? किंमत? तुम्ही डॉक्टरला फोन करून 'दुखतंय' म्हणता आणि ठेवून देता, असं झालं हे.

राजवाडा_रिटर्न
कागदावर. खाली 45/150 लिहिलंय, म्हणजे दीडशेतली पंचेचाळिसावी, पेन्सिलने सही आहे. काळा गोल, भोवती त्रिकोण. अजून काय हवं?

जुनी_इंदोरी
भिया, प्रिंटवर पैसे घालण्यापेक्षा आपल्या गावात बघा की! चित्रकार बेंद्रे इथलेच, 1910 चा जन्म, इथल्याच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. फाइन आर्ट कॉलेजातल्या पोरांची अस्सल चित्रं त्याच पैशात दोन येतील. माझ्या हॉलमध्ये एक आहे, पाहुणे त्याच्यासमोर उभे राहतात. (चहा येईपर्यंत.)

बडोदेकरीण
बेंद्रे तुमचे, मान्य. पण 1950 पासून चित्रकला विभाग त्यांनी आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत उभा केला, तेव्हा निम्मे आमचे.
आता मुद्द्याचं. सेरिग्राफ म्हणजे रेशमी जाळीतून एकेक रंग वेगळा दाबलेला. कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा आणि खिडकीकडे तोंड करा. काळ्या गोलाच्या कडेला शाईचा किंचित थर उठलेला दिसेल, साधारण लग्नपत्रिकेवरच्या उठावाच्या छपाईसारखा, पण बारीक. रंग सपाट, भरीव दिसतो. तसं दिसतंय का?

राजवाडा_रिटर्न
काचेत आहे हो, फ्रेम केलेली. काढू देत नाही तो.

भिंगरी
हे आधी सांगायचं नाही का! काढू न देणं हीच पहिली शंका. बरं, सराफ्यातून दहापट भिंग घ्या किंवा ओळखीच्या सोनाराचं मागून न्या. काचेवरूनही थोडंफार दिसतं. ऑफसेट, म्हणजे मासिकं छापतात तसली यंत्रछपाई, असेल तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलांसारखे जुळलेले दिसतात. इंकजेट असेल तर धुळीसारखे बारीक कण. सही नीट बघा. सहीतही ठिपके दिसले तर ती पेन्सिलची नाही, चित्राबरोबरच छापलेली आहे.

वास्तुमित्र
बिंदू ईशान्येच्या भिंतीवर लावा, दक्षिणेला चालत नाही. पायाखालचा जिना कुठे आहे ते कळवा.

जुनी_इंदोरी
जिन्याचं इथे काय?

कागदीघोडा
'ऑथोराइज्ड' म्हणजे कोणी अधिकृत केलं, हे विचारलंत का? चित्र विकत घेणाऱ्याला चित्र मिळतं. लेखी करार नसेल तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. भारतात तो हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. रझा 23 जुलै 2016 ला गेले, म्हणजे 2076 संपेपर्यंत. 'मूळ चित्र आमच्या ओळखीच्यांकडे आहे, त्यांनी परवानगी दिली' हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य आहे. त्याला काही अर्थ नाही.

राजवाडा_रिटर्न
अगदी हेच म्हणाला तो. 'मूळ चित्राच्या मालकाची परवानगी.' सर्टिफिकेटवर 2018 लिहिलंय. 38,000 मागतोय.

बडोदेकरीण
2018? आणि सही पेन्सिलची?

भिंगरी
कबरीतून येऊन केली असणार.

कागदीघोडा
हसू नका, सर्टिफिकेट नंतर लिहिलेलं असू शकतं. ते काही गुन्हा नाही. हयातीत छापून सही करून घेतलेली प्रिंट 2018 मध्ये विकली, तर चालतं. पण मग सर्टिफिकेटवर छापल्याचं वर्ष आणि छापणाऱ्याचं नाव हवं. शिवाय मृत्यूनंतरही हक्कदारांच्या परवानगीने प्रिंटा निघतात, त्यांत गैर काही नाही. फक्त त्यांवर हाताची सही नसते.

बडोदेकरीण
मला ते पटत नाही. चित्रकाराने रंग पारखून 'बरोबर' म्हटलेलं नसेल तर ते पोस्टर. चांगलं पोस्टर, पण पोस्टर. आमच्या फॅकल्टीतला कोणीही हेच सांगेल.

कागदीघोडा
तुमच्या फॅकल्टीत सगळे तोंडाने सांगतात, लेखी कोणी देत नाही.

फ्रेमकर
कोणी विचारलं नाही, पण माउंट, म्हणजे कागदामागचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री घ्या. फेविकॉलने कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असला तर किंमत गेली. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाची बिजागरं लावतात, कागद मोकळा लटकतो. इंदूरच्या पावसाळ्यात काचेला टेकलेला कागद चिकटतो, माझ्या स्वतःच्या दोन प्रिंटा अशाच गेल्या.

राजवाडा_रिटर्न
गेलो होतो आत्ता. भिंग मोठ्या मेव्हण्याचं, त्याचं सोन्याचं दुकान आहे. सहीतल्या 'आर'च्या दांड्यात निळे-गुलाबी ठिपके. काळ्या गोलातही. मागचा पुठ्ठा तपकिरी झालाय. मी काही बोललो नाही, नुसता 'विचार करतो' म्हणून निघालो. आता खरी अडचण: 9,000 ॲडव्हान्स देऊन बसलोय.

भिंगरी
हे सगळ्यात शेवटी सांगितलंत!

कागदीघोडा
पावती आहे का? त्यावर 'स्वाक्षरीकृत' असं लिहिलंय का? असेल तर ॲडव्हान्स परत मागा, पावतीचा फोटो आधी काढून ठेवा.

राजवाडा_रिटर्न
पावतीवर 'फ्रेम चित्र' एवढंच आहे. बाबांचं लहानपण मध्य प्रदेशातल्या मंडल्यात गेलं, रझांची कबर तिथेच आहे. बाबांच्या पंच्याहत्तरीला द्यायचं होतं, म्हणून घाई केली.

बडोदेकरीण
मग दिल्लीच्या रझा फाउंडेशनला पत्र टाका, अधिकृत प्रिंट कुठे मिळते ते विचारा. पंच्याहत्तरी कधी आहे?

राजवाडा_रिटर्न
रविवारी.

वास्तुमित्र
रविवार उत्तम. जिना?