शिवराळ राजकारण आणि ‘आपली प्रतिक्रिया?’ विचारणारी माध्यमे

धागालेखक

राजकीय भाषेची पातळी घसरल्याची तक्रार करताना आपण सहसा नेत्यांच्या जिभेकडे बोट दाखवतो. त्या जिभेला रोज खुराक पुरवणारी बातमीदारीची एक पद्धत आहे आणि दोषाचा मोठा वाटा तिच्याकडे जातो, असे माझे मत आहे.

सकाळी एक नेता रखडलेल्या पाणीयोजनेबद्दल बोलता बोलता विरोधकाला एखादी शेलकी उपमा देतो. तासाभरात पाणीयोजना बातमीतून गळते आणि उपमा तेवढी पडद्याखालच्या पट्टीवर फिरत राहते. दुपारी त्या विरोधकासमोर वाहिन्यांचे माईक (बूम) धरले जातात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : ‘ते तुम्हाला असे म्हणाले, आपली प्रतिक्रिया?’ त्याने योजनेवर उत्तर दिले, तर तो बाईट, म्हणजे बोलण्याचा तेवढा तुकडा, कुणी चालवत नाही. दुप्पट खालच्या थराला जाऊन उत्तर दिले, तर रात्रीच्या चर्चेचा विषय ठरतो. मग सहा चौकटींतले सहा प्रवक्ते एकाच वेळी बोलू लागतात आणि निवेदकाचा आवाज त्या सर्वांच्या वर असतो. वृत्तपत्रांतही साधा आक्षेप नोंदवणाऱ्याने मथळ्यात ‘तोफ डागलेली’ असते, ‘घणाघात’ केलेला असतो किंवा ‘खरपूस समाचार’ तरी घेतलेला असतो.

डायना मट्झ आणि बायरन रीव्हज या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नटांकडून एकच राजकीय वाद दोन प्रकारे करवून घेतला होता. मुद्दे तेच होते. एकात शिष्टाचार पाळला होता, दुसऱ्यात उसासे, डोळे फिरवणे आणि मध्येच तोडणे होते. उद्धट वाद प्रेक्षकांना अधिक रंजक वाटला आणि तो पाहिल्यावर त्यांचा राजकारणावरचा विश्वास कमी झाला. यातला पहिला निष्कर्ष वाहिन्यांना कुणी शिकवावा लागत नाही.

आडवाट

धागालेखकांनी वर्णन अचूक केले आहे, पण सभ्यतेचा आग्रह कोणाच्या सोयीचा असतो, हा प्रश्न त्यांनी टाळला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सहकारी सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. जुलै २०२१ मध्ये डॉन बटलर या खासदाराने पंतप्रधान बोरिस जॉन्सन सभागृहाशी आणि देशाशी वारंवार खोटे बोलले, असे म्हटले. शब्द मागे घेण्यास नकार दिल्यामुळे तिला त्या दिवसापुरते बाहेर जावे लागले. तिचा आरोप खरा की खोटा, याची शहानिशा करणे त्या नियमात बसतच नव्हते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला मृदू स्वरात पाहिजे ते करून घेता येते. ज्याचे कुणी ऐकत नाही, त्याचा आवाज चढतो आणि मग चर्चा त्याच्या आवाजावरच होते.

शिवाय पूर्वी सारे सभ्य होते, हा समज खरा नाही. १८५६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सभागृहात सिनेटर चार्ल्स समनर यांना प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीगृहाच्या सदस्याने काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. आपल्याकडे ‘सुधारक’कार आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, तेव्हा वाहिन्या नव्हत्या.

नियमावली

आपल्या संसदेतही शब्दांवरच कात्री चालते. लोकसभेच्या नियम ३८० नुसार अध्यक्ष असंसदीय किंवा अप्रतिष्ठित शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. जुलै २०२२ मध्ये सचिवालयाने अशा शब्दांचे संकलन काढले. त्यात ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ यांच्या शेजारी ‘करप्ट’ आणि ‘ड्रामा’ही होते. कोणत्याही शब्दावर बंदी घातलेली नाही, असा खुलासा अध्यक्षांनी केला. तसेही कामकाज थेट दिसत असताना शब्द वगळला जातो तो कागदावरून. त्याची चित्रफीत तोवर गावभर झालेली असते.

धागालेखक

आडवाट यांनी आरोप आणि अपमान एकाच पारड्यात टाकले, ते मला मान्य नाही. ‘पंतप्रधान खोटे बोलले’ हे विधान कितीही कडक असले, तरी तपासता येते. तारीख, आकडा, कागद समोर ठेवून ते खोडता किंवा सिद्ध करता येते. विरोधकाच्या जातीवरून, शरीरावरून किंवा घरातल्या बाईवरून केलेल्या शेरेबाजीत तपासण्यासारखे काही नसते. बटलर यांना बाहेर काढणारा नियम मलाही चुकीचा वाटतो, परंतु त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याला बंडखोरीचा मान मिळू नये. आपल्याकडे ती शेरेबाजी बहुधा सत्तेत बसलेली किंवा सत्तेच्या दारात उभी असलेली माणसेच करतात. तिला दुबळ्यांचा आक्रोश म्हणणे धाडसाचे आहे.

गिऱ्हाईक

दोघेही प्रेक्षकाला सोडून बोलत आहेत. सप्टेंबर २००९ मध्ये बराक ओबामा आरोग्यसेवेवर भाषण करत असताना अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सदस्य जो विल्सन ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडले. सभागृहाने नापसंतीचा ठराव केला, पण काही दिवसांतच विल्सन आणि त्यांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी या दोघांकडेही दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या. ते पैसे काही माध्यमांनी दिले नव्हते.

आडवाट

तपासता येण्याची कसोटी मला पटते, आणि जातीवाचक किंवा स्त्रीद्वेष्ट्या बोलण्याची पाठराखण मी करत नाही. अडचण कसोटी लावणार कोण, इथे आहे. ‘हे सरकार निर्लज्ज आहे’ हे वाक्य कागद दाखवून सिद्ध होणार नाही, तरीही ज्याची जमीन गेली आणि मोबदला आला नाही, त्याला ते म्हणण्याचा अधिकार आहे. आपली कसोटी नेत्यांपुरती ठेवायची असेल तर मी सोबत आहे. मोर्चातल्या माणसाला लावायची असेल तर नाही. आणि गिऱ्हाईक यांना एवढेच विचारतो, की दुपारी पाणीयोजनेवरचा बाईट कुठल्याच वाहिनीने दाखवला नाही, तर प्रेक्षकाने तो नाकारला हे ठरवले कशावरून?